तुर्भ्यात एक गाळा हवा

आमच्या संस्थेच्या कोठीला दोन प्रकारचे दिवस माहीत आहेत. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, सर्वपित्री अमावास्या, कुणाच्या तरी वडिलांची पंच्याहत्तरी. या दिवशी कोठीचं दार लागत नाही. केक येतात, सामोसे येतात, फरसाणाची पाकिटं आणि बिस्किटांचे खोके येतात. कधी कधी दुपारची दोन जेवणं एकाच वेळी दारात उभी राहतात आणि रात्री निम्मी मुलं पोट धरून झोपतात. मग महिन्याची वीस तारीख उजाडते. तूरडाळीचा डबा तळाला लागलेला असतो, तेलाचा डबा तिरका करून ठेवलेला असतो आणि स्वयंपाकाच्या मावशी विचारतात, "काका, आज वरण पातळ करू का?"

या वसतिगृहाचे हिशेब मी नऊ वर्षं लिहितो आहे. कळव्याच्या पुढे, भाड्याच्या दुमजली घरात ते चालतं. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवरून शिकायला आलेली ३८ मुलं तिथे राहतात. वहीत जमेच्या बाजूला रोख देणगी आणि वस्तुरूप देणगी असे दोन रकाने आहेत. वस्तुरूप देणगीचा रकाना भरगच्च असतो. पण खर्चाच्या पानावर दर महिन्याला त्याच चार रकमा मोठ्या दिसतात: डाळ, तेल, कांदा-बटाटा आणि गॅस. जे मिळतं ते या चार रकमांना क्वचितच हात लावतं. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण देण्याचा दिवस देणारा ठरवतो आणि भूक रोज लागते. या दोन्हींचा मेळ बसायचा तर मध्ये एक कोठार लागतं. माल आला की उतरवून घेणारं, निवडणारं, तारखा बघून मांडणारं, आणि ज्या संस्थेला जे हवं ते हवं तेव्हा देणारं कोठार. ठाणे आणि नवी मुंबईनं मिळून असं एक सामाईक कोठार उभारावं आणि ते तुर्भ्याच्या बाजारात असावं, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. जगभर याला 'फूड बँक' म्हणतात.

फूड बँक म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतं ते लग्नातलं उरलेलं जेवण रात्री फुटपाथवर वाटणारी तरुण मंडळी. हे काम मोलाचं आहे. २०१४ मध्ये दिल्लीत रॉबिन हूड आर्मी सुरू झाली आणि अनेक शहरांत पसरली. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली. पुढे निवृत्त पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनीही त्याच नावानं मोठं काम उभं केलं. पण मी ज्याबद्दल बोलतो आहे त्याचं काम वेगळं आहे. फूड बँकेच्या दारात भुकेला माणूस येत नाही. तिथे येतात त्या अनाथाश्रम, वृद्धाश्रम, रात्रनिवारे, मतिमंद मुलांच्या शाळा आणि रुग्णांच्या नातेवाइकांना जेवू घालणारी मंडळं. किराणा दुकानदाराला जसा घाऊक व्यापारी, तशी या संस्थांना फूड बँक. तिच्याकडून तांदूळ-डाळ मिळाली की संस्थेचे वाचलेले पैसे शिक्षकाच्या पगाराला, औषधांना, मुलीच्या चष्म्याला लागतात.

ही कल्पना अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात १९६७ मध्ये आकाराला आली. जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ तिथल्या एका धर्मादाय भोजनगृहात सेवा करत. मुलाबाळांच्या मोठ्या कुटुंबाचं पोट सुपरमार्केटच्या मागे टाकून दिलेल्या मालावर भरणारी एक बाई त्यांना भेटली. तो माल चांगला असतो, असं ती म्हणाली. पैसे ठेवायला बँक असते तशी अन्न ठेवायला आणि काढायला का नसावी, हा विचारही तिचाच. सेंट मेरीज चर्चनं जागा दिली आणि जगातली पहिली फूड बँक सुरू झाली. या गोष्टीत हेंगेल यांच्याइतकंच श्रेय मी त्या बाईला देतो. टाकलेल्या मालातलं चांगलं कुठलं आणि सडकं कुठलं, हे तिला हातानं ठाऊक होतं. शिवाय तिनं जेवण मागितलं नव्हतं, व्यवस्था सुचवली होती.

तशा बाया तुर्भ्यालाही आहेत. लोक ज्याला वाशी मार्केट म्हणतात ते मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचं आवार खरं तर तुर्भ्यात आहे. कांदा-बटाटा, मसाला, दाणाबंदर, भाजीपाला आणि फळं असे पाच बाजार तिथे शेजारी शेजारी आहेत. भाजीपाला आणि फळांचे बाजार १९९६ मध्ये मुंबईतून, भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केटमधून, इकडे आले. रात्रभर नाशिक, जुन्नर, सातारा, सांगलीकडून गाड्या येत राहतात आणि पहाटेच्या अंधारातच मोठा व्यवहार उरकतो. पालेभाजीचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर, बोलला जातो. पावसाळ्यात एखाद्या दिवशी मेथी किंवा कोथिंबिरीच्या गाड्या अपेक्षेपेक्षा जास्त आल्या की सकाळी आठनंतर भावाला अर्थच उरत नाही. ओली जुडी संध्याकाळपर्यंत पिवळी पडणार हे आडत्याला माहीत असतं. ती परत नेण्याचं भाडं जुडीच्या किमतीहून जास्त पडतं. मग ती गाळ्यापुढेच राहते. दहा-साडेदहाला पदर खोचलेल्या बायका आणि काही म्हातारे तिथे वाकून निवड करताना दिसतात. त्यांच्यामागून कचऱ्याची गाडी येते.

हे मी अनेकदा पाहिलं आहे, कारण आम्ही कांदा तिथूनच आणतो. कांद्याच्या बाजारात 'गोलटी' आणि 'जोड' हे शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडले तेव्हा मला ते मालाचे दोष वाटले होते. गोलटी म्हणजे आकारानं लहान कांदा, जोड म्हणजे दोन कांदे एकत्र वाढलेला. दोन्ही खायला उत्तम. फक्त हॉटेलवाल्याला सोलायला वेळ लागतो आणि मॉलमध्ये ते शोभत नाहीत. फळबाजारात हापूसच्या हंगामात पेटी उघडल्यावर चार-सहा फळं डागी निघतात. तो डाग कापून टाकला की बाकीचा आंबा पेटीतल्या इतर आंब्यांइतकाच गोड असतो. आमच्या मुलांपैकी बहुतेकांनी हापूस पहिल्यांदा खाल्ला तो असाच, एका व्यापाऱ्यानं उचलून नेऊ दिलेल्या डागी फळांतला.

पण त्या दिवशी दीडशे फळं होती आणि आम्हाला पन्नास पुरली असती. उरलेली शंभर दुसऱ्या संस्थेला द्यायची तर टेम्पो हवा, फोन करायला माणूस हवा, ती संस्था सकाळी अकराला दार उघडेल याची खात्री हवी. यातलं काही आमच्यापाशी नव्हतं आणि निम्मी फळं दोन दिवसांत नासली. देणारा तयार, घेणारा तयार, तरी अन्न कचऱ्यात गेलं. अन्न वाया जाण्यामागे माणसांचा बेफिकीरपणा आहे असं आपण धरून चालतो. मी जवळून पाहिलेली नासाडी बहुतेक वेळा गाडी, जागा आणि दोन तास सवड असलेला माणूस नसल्यामुळे झालेली होती.

दुसरा मोठा साठा भिवंडीचा. माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यातल्या गोदामांतून अर्ध्या महामुंबईचं वाणसामान फिरतं. तिथला वाया जाणारा माल सडका नसतो, त्याची तारीख जवळ आलेली असते. दुकानांच्या साखळ्या आणि ऑनलाइन विक्रेते थोडे दिवस उरलेला माल घेत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, की ग्राहकाच्या हातात पडताना वस्तूची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. ग्राहकाच्या दृष्टीनं हे योग्यच आहे. पण ज्या पोह्याच्या पाकिटाचे ४० दिवस उरले आहेत, त्यानं कुठे जायचं? आमच्या वसतिगृहात दोन किलो पोहे एका सकाळी संपतात. आम्हाला ४० दिवस म्हणजे चैन आहे. तीच गोष्ट चेपलेल्या डब्यांची, आणि बारा बाटल्यांच्या खोक्यात एक फुटली म्हणून बाद झालेल्या अकरा तेलकट बाटल्यांची. ओल्या फडक्यानं पुसलं की त्या वापरण्याजोग्या होतात.

इथे तारखेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पाकिटावर कधी 'बेस्ट बिफोर' असतं, कधी 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी'. पहिल्या तारखेनंतर चव, कुरकुरीतपणा उतरतो. दुसरीनंतर पदार्थ खाणं धोक्याचं. तरीही, कुठलीही तारीख उलटलेला माल फूड बँकेनं संस्थेला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. जे आपण आपल्या घरच्या मुलाला देणार नाही ते वसतिगृहातल्या मुलालाही द्यायचं नाही. ही रेघ एकदा पुसट झाली की फूड बँक म्हणजे कंपन्यांची फुकटातली कचराकुंडी होते.

कंपन्या हा माल का देत नाहीत? नष्ट करणं त्यांना सोपं पडतं, आणि त्यात आपल्या कायद्याचाही हात आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट केलेला किंवा भेट म्हणून दिलेला माल एकाच रांगेत बसतो: या सगळ्यांवरचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीत आधी भरलेल्या जीएसटीची मिळणारी वजावट, सोडून द्यावं लागतं. म्हणजे बिस्किटांचं खोकं जाळलं काय आणि आश्रमाला दिलं काय, करात एका पैशाचा फरक नाही. वर देताना वाहतूक करा, कागद करा, पोच घ्या, माल परत बाजारात तर विकला जाणार नाही ना ही काळजी वाहा. प्राप्तिकरात देणगीवर मिळणारी सवलतही पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या देणगीला नाही. फ्रान्सनं २०१६ मध्ये कायदा करून ४०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटांना खाण्याजोगा माल नष्ट करायला बंदी केली आणि संस्थांशी करार करणं बंधनकारक केलं. अमेरिकेनं १९९६ मध्ये कायदा करून सद्‌हेतूनं अन्न देणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिलं. आपल्याकडे एवढं झालं तरी पुरे, की नोंदणी झालेल्या फूड बँकेला दिलेल्या अन्नावरचं क्रेडिट परत घेतलं जाऊ नये. ही मागणी दिल्लीच्या जीएसटी परिषदेपुढे जायला हवी, आणि तिचा पाठपुरावा करायला ठाण्याच्या खासदारांइतका जवळचा माणूस दुसरा नाही. भिवंडी त्यांच्या शेजारी आहे.

नियम मात्र आपल्याकडे आहेत. उरलेलं अन्न गोळा करणं आणि वाटणं यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची २०१९ ची स्वतंत्र नियमावली आहे. वाटणाऱ्या संस्थेनं नोंदणी करायची, नोंदी ठेवायच्या, अन्न स्वच्छ आणि योग्य तापमानात राखायचं. स्वयंपाकाचं शास्त्र सांगतं, की गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे, कारण मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. आता घोडबंदर रोडवरच्या लॉनमधला रात्री सव्वाबाराचा पनीर डोळ्यांपुढे आणा. साडेआठपासून बुफेवर उघडा, खालची मेणबत्ती विझलेली.

असा फोन आम्हाला दरवर्षी चार-पाचदा येतो. "दीडशे माणसांचं जेवण उरलंय, अर्ध्या तासात न्या, हॉल रिकामा करायचाय." सुरुवातीला मी धावत जायचो. एकदा, सहा वर्षांपूर्वी, रात्री एकला आणलेली रसमलाई सकाळी मुलांना दिली आणि दुपारपर्यंत सात जणांना कळव्याच्या रुग्णालयात न्यावं लागलं. सगळी संध्याकाळपर्यंत बरी झाली. पण त्या दिवसापासून शिजवलेलं अन्न रात्री स्वीकारायचं नाही असं मी ठरवलं. फोन करणाऱ्याला नाही म्हणताना वाईट वाटतं. काही जण रागावतात, "तुमच्या मुलांना नको असेल तर राहू दे," असंही म्हणतात. म्हणून माझं म्हणणं आहे, की ठाणे-नवी मुंबईच्या फूड बँकेनं निदान पहिली काही वर्षं शिजवलेल्या अन्नाला हात लावू नये. धान्य, कडधान्य, तेल, कांदे-बटाटे, भाजी, फळं आणि बंद पाकिटं, एवढंच काम पुष्कळ आहे. ताज्या जेवणाचं काम करणाऱ्या तरुणांच्या चमू आहेत, त्यांनी ते जवळच्या जवळ आणि दोन तासांच्या आत करावं.

अन्नाच्या दानाबद्दल बोलताना आपल्या भाषेत तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देता कामा नये. भांड्यात शिल्लक राहिलं ते उरलेलं. रात्र ओलांडली की ते शिळं. कुणाच्या ताटातलं असेल ते उष्टं. या तीन शब्दांमागे आपल्या समाजाचा मोठा आणि क्रूर इतिहास आहे. गावगाड्यात माणसांच्या एका मोठ्या वर्गाच्या वाट्याला शिळे तुकडे हक्क म्हणून लिहिले गेले होते, आणि हक्काच्या नावाखाली तो अपमानच होता. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं, की मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा. महाड इथून फार दूर नाही. पनवेल ओलांडून गोवा रस्त्याला लागलं की आलंच. ज्यांच्या पणजोबांनी ते तुकडे निर्धारानं नाकारले, त्यांची पणतवंडं आज आमच्या वसतिगृहात आहेत. त्यांच्यापुढे काय आणि कसं ठेवायचं, हा माझ्या लेखी अन्नसुरक्षेइतकाच मोठा प्रश्न आहे.

आमच्याकडे दहावीत एक मुलगा होता. पाहुण्यांनी आणलेलं जेवण असलं की तो जेवायचा नाही, भूक नाही म्हणायचा. मावशींनी खोदून विचारल्यावर म्हणाला, "ते फोटो काढतात." त्यानंतर आम्ही देणगीदारांना जेवणाच्या वेळी फोटो काढू देणं बंद केलं. दोन नेहमीचे देणगीदार तुटले. फूड बँकेचा मला पटलेला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे: देणारा आणि जेवणारा एकमेकांसमोर येत नाहीत. तूरडाळ कोठारातून येते, वरण मावशी करतात, आणि ताटात ते इतर कुठल्याही घरातल्या वरणासारखंच असतं. त्याला कुणाचं नाव चिकटलेलं नसतं.

आता वाटपाकडे वळतो, कारण बहुतेक चांगल्या योजना तिथे फसतात. अमेरिकेत देशभरातल्या फूड बँकांना माल पाठवणारी मध्यवर्ती संस्था अनेक वर्षं रांगेनं माल वाटायची. ज्याचा नंबर लागेल त्याला जो ट्रक असेल तो. त्यामुळे बटाटे पिकवणाऱ्या आयडाहो राज्यालाच बटाट्यांचा ट्रक जायचा. २००५ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीनं त्यांनी पद्धत बदलली. प्रत्येक फूड बँकेला गरजेप्रमाणे कागदोपत्री 'शेअर' दिले आणि उपलब्ध मालावर त्या शेअरमध्ये बोली लावायला सांगितलं. ज्याला डाळ हवी त्यानं डाळीवर बोली लावायची, नको ते सोडायचं. कुणालाच नको असलेला माल उचलणाऱ्याला वर शेअर मिळायचे. खरे पैसे कुठेच नाहीत, पण कुणाला काय हवं ते पहिल्यांदा कळू लागलं.

आपल्याला इतकं गुंतागुंतीचं काही नको. पण त्यामागचं तत्त्व हवं. खारघरला टाटा स्मारकच्या कर्करोग केंद्रात येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक भाड्याच्या खोल्यांत स्वतः रांधतात. त्यांना मऊ तांदूळ, मूगडाळ, फळं लागतात. वांगणीला अनेक अंध कुटुंबं राहतात. त्यांना निवडलेलं धान्य आणि सहज उघडणारी पाकिटं लागतात. वृद्धाश्रमाला चणे देऊन उपयोग नाही. आमच्या वाढत्या वयाच्या मुलांना मात्र चणे आणि शेंगदाणे कितीही चालतील. बिस्किटांचे साठ खोके सगळ्यांत समान वाटले, म्हणजे न्याय झाला असं होत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि मला तो गंभीर वाटतो. भूक मिटवणं हे सरकारचं काम आहे. दानाची व्यवस्था जितकी सुरेख होईल तितकं सरकार अंग काढून घेईल. ब्रिटनमध्ये हे घडताना दिसतं. तिथे ट्रसेल ट्रस्ट या संस्थेनं २००० मध्ये सॉल्सबरीत पहिली फूड बँक काढली, आणि आज तिथल्या शहरांत कामावर जाणारी माणसंसुद्धा शिध्याच्या पिशवीसाठी रांगेत उभी राहतात. ती वाट आपल्याला नको. आपल्याकडे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. रेशनवरचं माणशी पाच किलो धान्य हा हक्क आहे, ती मेहेरबानी नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली, तीही सरकारची जबाबदारी म्हणूनच. आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं हडकुळी आढळली. हा आकडा कुठल्याही फूड बँकेच्या आवाक्यातला नाही. तो अंगणवाडी, रेशन, रोजगार आणि स्वच्छ पाण्यानंच खाली येईल. फूड बँकेनं आपण भूक मिटवतो असा फलक कधीच लावू नये.

पण म्हणून ती नको, हे मला पटत नाही. रेशन कार्डावर गहू-तांदूळ मिळतो. डाळ, तेल, भाजी, फळं त्यात नाहीत. संस्थेतल्या मुलाचं नाव पाड्यावरच्या घराच्या कार्डावर असतं आणि मूल कळव्यात. सरकारनं हे सुधारावं म्हणून भांडत राहायचं, आणि तोवर मुलाच्या ताटात वरण घट्ट असेल हेही बघायचं. यातलं एक करताना दुसरं थांबवावं लागत नाही.

नासाडीच्या बाजूनंही फूड बँकेकडून भलती अपेक्षा ठेवू नये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. भारतातल्या घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो, असा त्यांचा अंदाज आहे. पाचपाखाडीतल्या माझ्या फ्रिजमध्ये मागे राहून बुरशी आलेली भाजी त्यात धरलेली आहे. तिचं फूड बँक काही करू शकत नाही. ते माझं मलाच सुधारायचं आहे. बाजारातला आणि गोदामातला वाटा मात्र तिच्या हातात येतो. तो कचऱ्यात गेला की त्याचा मिथेन होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. ठाण्याजवळच्या दिवा उपनगरातल्या लोकांनी ठाण्याच्या कचऱ्याचा धूर आणि वास वर्षानुवर्षं सोसला आहे. आपण टाकलेलं कुठेतरी कुणाच्या तरी दारात जाऊन पडतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

मग करायचं काय? बाजार समितीनं भाजीपाला बाजाराजवळ एक गाळा नाममात्र भाड्यानं द्यावा. नवी मुंबई आणि ठाणे या दोन्ही महापालिकांनी एकेक टेम्पो द्यावा, एक तुर्भे-खारघर-पनवेल मार्गावर आणि एक ऐरोली-कळवा-ठाणे-भिवंडी मार्गावर. शीतकपाट, काटा आणि दोन पगारी माणसं यांचा खर्च कंपन्यांच्या सामाजिक निधीतून यावा. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात या निधीच्या कामांची यादी आहे आणि तिची सुरुवातच भूक, दारिद्र्य आणि कुपोषण निर्मूलनानं होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हा निधी असलेल्या कंपन्या काही कमी नाहीत. अडचण अशी आहे, की त्यांना फीत कापता येईल अशी वस्तू द्यायला आवडते. चालकाचा पगार, डिझेल, विजेचं बिल यांचा समारंभ होत नाही, म्हणून त्याला कुणी पैसे देत नाही. पगारी माणसांचा आग्रह मी मुद्दाम धरतो. स्वयंसेवक रविवारी येतात. भाजीच्या गाड्या रोज पहाटे येतात.

घेणाऱ्या संस्थांनीही काही द्यावं. किलोमागे थोडा हाताळणी खर्च द्यावा, म्हणजे आपण गिऱ्हाईक आहोत आणि खराब माल परत करू शकतो हे भान राहील. कारभाराच्या समितीत निम्मी माणसं घेणाऱ्या संस्थांची असावीत, त्यातली काही स्वयंपाकघरातली. निवडीसाठी पहिल्यांदा त्या पदर खोचलेल्या बायकांनाच रोजंदारीवर घ्यावं. आज त्या जे लपतछपत, सुरक्षारक्षकाची बोलणी खात करतात, तेच काम हे कोठार चालायला सगळ्यात आधी लागणार आहे. आणि ते त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच येत नाही.

मागच्या महिन्यात आसपासच्या अकरा लहान संस्थांचे आम्ही हिशेबनीस कळव्यात एका शाळेच्या वर्गात बसलो. प्रत्येकानं कागदावर दोन याद्या केल्या: विकत काय आणावं लागतं, आणि न मागता काय येतं. दुसऱ्या यादीत अकराच्या अकरा जणांनी पहिली ओळ बिस्किटांची लिहिली होती. पहिल्या यादीत नऊ जणांची पहिली ओळ तूरडाळ होती, दोघांची तेल. मग बाजार समितीला द्यायचा अर्ज लिहायला घेतला आणि गाळ्याच्या मापापाशी अडलो. आमच्यापैकी एकाचे वडील दाणाबंदरात माथाडी कामगार होते. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, दहा बाय वीस पुरेल, पण टेम्पो मागे लागेल असं दार बघा, आणि पाण्याचा नळ आतच मागा. बाहेरच्या नळावर भाजी धुवायला लागलात की महिन्याभरात भांडणं सुरू होतील. अर्जात नळाची ओळ वाढवली आहे.